मंडळाने आमच्या आत्याची गोदा केली

मागच्या महिन्यात खारकर मंडळाच्या एका पोराचा मला फोन आला. पोर म्हणजे चाळिशीचा असेल, पण माझ्या वयाला सगळी पोरंच. म्हणाला, "मावशी, यंदाच्या उत्सवात गोदाच्या भाचीने दोन शब्द बोलावेत अशी सगळ्यांची इच्छा आहे." मी म्हटलं, "गोदाला भाची नव्हती. कादंबरी परत वाच." तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी विनोदी आहे. फोन मी रागाने आपटला. इतकी वर्षं झाली, चिकूच्या वाड्या जाऊन तिथे रिसॉर्टं उभी राहिली, ज्यांच्यावर रागवायचं ती माणसंही गेली, तरी हा राग काही शिळा होत नाही. म्हणून ते दोन शब्द मी इथेच लिहिते. व्यासपीठावर ते मला कोणी पुरे करू देणार नाही.

आम्ही तेव्हा डहाणूत, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर भाड्याच्या घरात राहायचो. अप्पा, म्हणजे माझे वडील, मामलेदार कचेरीत कारकून. आई मी अगदी लहान असताना गेली, तिचा चेहरा मला फोटोतलाच आठवतो. ती गेली तेव्हा अप्पांची धाकटी बहीण, कमलआत्या, जवळच्याच कैनाड गावातल्या आमच्या जुन्या घरून महिनाभरासाठी म्हणून आली आणि राहूनच गेली. माझी सकाळ तिच्या आवाजांनी व्हायची. आधी स्टोला पंप मारल्याचा, मग परातीत तांदळाची भाकरी थापल्याचा, आणि मग दारात टोपली उतरवणाऱ्या धाकट्या डहाणूच्या कोळीवाड्यातल्या मासेवालीशी भांडल्याचा. "हे बोंबील काल पण बघितले होते मी, मला ओळखतात ते," असं आत्या म्हणायची आणि मासेवाली हसून दोन जास्त टाकायची. पावसाळ्यात अळूची पानं मिळाली की आत्या पातवड्या करायची, आणि त्या वाफेवर असतानाच शेजारच्या हंसाबेन काहीतरी निमित्त काढून यायच्या. आत्याचं तोंड फटकळ होतं, पण कोणाला उपाशी पाठवलं असं झालं नाही. मला तिने कधी जवळ घेऊन गोंजारलं नाही. वेणी मात्र इतकी घट्ट घालायची की दुपारपर्यंत डोळे ताणलेले राहायचे. मी तिला आई म्हणत नव्हते एवढंच.

आता मंडळ. वि. ना. खारकर हे नाव आजच्या मुलांना पाठ्यपुस्तकातल्या एका धड्यापुरतं माहीत असेल, पण तेव्हा त्यांची 'खाजणवाट' घराघरात होती. लेखक होण्याआधी खारकरांनी वर्षभर कैनाडला शाळामास्तरकी केली होती, आणि कादंबरीतही खाडीकाठच्या गावात आलेला एक तरुण मास्तरच आहे. गावातली गोदा नावाची तरुण विधवा त्याला संध्याकाळी, भरतीचं खारं पाणी अडवणाऱ्या खाजणाच्या बांधावर भेटते, गावाला कळतं, मास्तर बदली घेऊन निघून जातो आणि गोदा मागे राहते. बायका हे वाचून पदराने डोळे पुसत. आमच्याकडची शिकलेली मंडळी मात्र रडून थांबली नाहीत. लिमये सरांनी खारकर मंडळ काढलं. सर तलासरीच्या शाळेत मराठी शिकवायचे, रोज एसटीने जायचे-यायचे, आणि शनिवारी संध्याकाळी धुळीने भरलेले तसेच आमच्या पडवीत यायचे. पोस्टमास्तर, दोन-तीन शिक्षक, रेल्वेतले एक गृहस्थ, आणि कार्यवाह म्हणून आमचे अप्पा. एकजण 'खाजणवाट'मधलं प्रकरण मोठ्याने वाचायचा, बाकीचे डोळे मिटून ऐकायचे. पुस्तक संपलं की पुन्हा पहिल्या पानापासून. आपसात हाका मारायच्या त्याही कादंबरीतल्या नावांनी. पोस्टमास्तरांना 'खोत' म्हणत, आणि ते खरंच खोतासारखे तंगड्या पसरून बसत. आत्या आतून चहा पाठवताना मला हळूच म्हणायची, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी."

या मंडळींची पक्की समजूत अशी की खारकर खोटं लिहीतच नाहीत. कादंबरीत विहीर आहे ना, मग ती कुठेतरी असलीच पाहिजे. रविवारी सगळे सायकली काढून 'खुणा शोधायला' जायचे, आणि खूण पटली की तिथल्या दगडाला चुना फासून यायचे. गोदाचा बांध कैनाडचा की आसनगावकडचा, यावरून खोत आणि रेल्वेवाले दोन महिने एकमेकांशी बोलत नव्हते. एकदा मीही सोबत होते. धाकट्या डहाणूला बोंबील वाळत घालणाऱ्या एका बाईला सरांनी फार अदबीने विचारलं, "इथे पूर्वी गोदा नावाची कोणी राहायची का?" ती म्हणाली, "तीन हायत. कंची पायजे?" मी हसले, तर सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले. आज मला वाटतं, सगळं तिथेच दिसत होतं. पुस्तकातल्या बाईसाठी खऱ्या जगात जागा शोधत फिरणारी माणसं कधी ना कधी कोणाला तरी धरून त्या जागी बसवणारच.

पण तेव्हा मला हे कुठलं सुचायला. मला सर देवासारखे होते, हे सरळ लिहून टाकते. अप्पा घरात फारसं बोलत नसत, आणि सर माझ्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलायचे. माझा आवाज त्यांनीच हेरला. कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचं, गोदा बोलते तेव्हा आवाज खाली कसा आणायचा, हे पडवीच्या पायरीवर बसून त्यांनी मला शिकवलं. "सुमन, रडायचं ऐकणाऱ्याने. वाचणाऱ्याने नाही," असं म्हणायचे. मॅट्रिकच्या वर्षापर्यंत शनिवारचं वाचन माझ्याकडेच आलं होतं. आपली 'खाजणवाट'ची प्रत त्यांनी मला देऊन टाकली तेव्हा मी ती उशाशी घेऊन झोपले होते.

खारकर कैनाडला असताना आमच्याच घरी जेवायचे, हे एका शनिवारी अप्पांच्या तोंडून निघालं आणि मंडळ उसळलं. सर ताडकन उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. "कमलताई, तुम्ही खारकरांना पाहिलंय?"

आत्या मासे साफ करत होती. "पाहिलंय म्हणजे काय, ताट मीच नेऊन द्यायचे. भात फार लागायचा त्यांना."

"कशा वाटायच्या त्यांच्या गोष्टी? काही बोलायचे तुमच्याशी?"

"सर, मी नऊ वर्षांची होते. मला काय कळणार? आणि ते कशाला बोलतील? माझं नावसुद्धा विचारलं नाही कधी. 'ए पोरी, आमटी आण,' एवढंच."

मी तिथेच उभी होते, अप्पाही होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे सगळे म्हणाले की गैरसमज झाला. गैरसमज कोणाचाही झाला नव्हता. सरांनी 'नऊ वर्षांची' हे शब्द कानांनी ऐकले होते.

त्याच सुमारास आत्यासाठी वाणगावचं स्थळ आलं. गोपाळराव, वाणगाव स्टेशनात बुकिंग क्लार्क, बायको वारलेली, पदरी दोन मुली. आत्या सदतीस-अडतीसची असेल. तिच्या लग्नाचा विषय आमच्या घरात इतका जुना झाला होता की कोणी काढत नसे, हंसाबेननीच तो काढला आणि धसास लावला. गोपाळराव आईला घेऊन आले, पातवड्या खाल्ल्या, आणि म्हातारी कौतुकाने बघत असताना त्यांनी आणखी मागून घेतल्या. जाताना माझ्या आत्याला म्हणाले, "आमच्याकडे दारात अळू आहे, पण कोणाला करता येत नाही." याहून जास्त प्रेमाचं बोलणं मी आमच्या पडवीत ऐकलं नव्हतं. त्यानंतरचे दिवस मला लख्ख आठवतात. आत्या भाकऱ्या थापताना गुणगुणायची. भाजीच्या निमित्ताने वाणगावच्या बाजारात जायची आणि परत आली की भाजी टोपलीतच राहायची, ही आरशासमोर. एकदा मला म्हणाली, "सुमे, धाकटीचे केस फार वाढलेत गं, बापाला विंचरायला जमत नाही," आणि मग स्वतःच लाजली. साखरपुड्याचा दिवस ठरला. मी मोठी झाले होते, स्वयंपाक मला येत होता, आणि तिला माझी काळजी वाटू नये म्हणून मी तिच्यासमोर मुद्दाम पोळपाट वाजवत पोळ्या लाटायचे. अप्पा तेवढे गप्प होते. पण अप्पा गप्पच असायचे.

आणि मग खारकर यायचे ठरले. मंडळ वर्षानुवर्षं त्यांना बोलावत होतं आणि ते तब्येतीचं कारण सांगत होते. या वेळी एकदम होकार आला. सगळ्यांना वाटलं, पुण्य फळाला आलं. सरांनी त्यांना 'तुमची गोदा आम्हाला सापडली आहे' असं कळवलं होतं, हे मला फार नंतर समजलं. शाळेच्या हॉलला रंग लावला. चिकूच्या पेट्या आल्या. मी गोदाचं प्रकरण वाचायचं ठरलं, बांधावरच्या शेवटच्या भेटीचं. सरांनी आठवडाभर तयारी करून घेतली. आदल्या दिवशी म्हणाले, "सुमन, वाचताना मधूनमधून आत्याकडे बघ. घरचं माणूस समोर असलं की आवाज नीट लागतो." मला ते किती आवडलं होतं. आत्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची होती. तिच्या शेजारी गोपाळराव आणि त्यांची आई बसलेली पाहून मला आश्चर्य वाटलं, पण बरंही वाटलं. सगळे आपले लोक एका रांगेत.

खारकर देखणे होते. पांढरेशुभ्र कपडे, हसले की सगळा हॉल हसायचा. मी वाचलं. खोटा विनय कशाला, चांगलंच वाचलं. सांगितल्याप्रमाणे आत्याकडे बघत वाचलं, आणि मी बघते म्हणून लोकही बघत होते. ती बिचारी माझ्याकडे बघून मान डोलावत होती, म्हणजे घाबरू नकोस, छान चाललंय. वाचन संपलं, आणि सर उभे राहिले. म्हणाले, आजवर आपण दगड शोधले, झाडं शोधली, पण जिच्या आसवांतून ही कलाकृती जन्मली ती आपल्यातच आहे हे कोणाला ठाऊक होतं? जिच्या घरी तरुण खारकर रोज जेवायला जात, जिने पुढे आयुष्यभर लग्न केलं नाही, ती आपली गोदा. आणि त्यांनी आत्याचं पूर्ण नाव घेतलं.

टाळ्या काय वाजल्या! लोक उभे राहिले. आत्याला काहीच उमजलं नव्हतं. मोठ्या माणसांनी बोलावलं की जायचं, एवढ्यावर ती उठली आणि व्यासपीठावर गेली. खारकरांनी तिला शाल दिली, नारळ दिला. तिच्याकडे त्यांनी नीट बघितलं आणि मी शपथेवर सांगते, त्यांना ती ओळखू आली नव्हती. कोणीतरी खालून विचारलं, "साहेब, खरंच का?" एक 'नाही' पुरलं असतं. खारकर हसले, खाली बघितलं, आणि म्हणाले, "काही गोष्टी लेखकाने न बोललेल्याच बऱ्या." पुन्हा टाळ्या. आत्या शाल हातात धरून उभी होती आणि पहिल्या रांगेत गोपाळरावांची आई पदर सावरून उठली होती. खारकर आणि आत्या यांच्या वयाची साधी वजाबाकी त्या शिकल्यासवरल्या हॉलमध्ये एकानेही केली नाही. मी हातात पुस्तक घेऊन बाजूला उभी होते. सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. शाबास, असं. तेव्हा मला कळलं की त्यांनी हे प्रकरण वाचायला मलाच का दिलं आणि आत्याकडे बघत वाचायला का सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंसाबेन आल्या. चांगली बाई, पण राहवेना. "कमलबेन, मने सांग तरी, ते सगळा साचं हाय?" आत्याने पायांत चपला घातल्या, मला म्हणाली, "चल," आणि आम्ही सरांच्या घरी गेलो. सर आनंदाने सामोरे आले. तिने शाल त्यांच्या टेबलावर ठेवली.

"सर, मी तुम्हाला सांगितलं होतं, मी नऊ वर्षांची होते."

"कमलताई, कला अशी वर्षं मोजत नाही हो. लेखकाच्या नजरेने तुमच्यात काय टिपलं, ते तुम्हाला कसं ठाऊक असणार?"

"नऊ वर्षांच्या पोरीत?"

"तुम्ही अमर झालात, कळतंय का तुम्हाला? शंभर वर्षांनी लोक तुमचं नाव घेतील."

"मला साखरपुड्याला जायचं होतं, सर."

ते गडबडले. मग आवाज समजुतीचा केला, मला पायरीवर शिकवताना असायचा तोच. म्हणाले, आता काही बोलायचं म्हणजे खारकरांना खोटं पाडल्यासारखं होईल, त्यांनी स्वतः नाकारलं नाही ना. आत्या म्हणाली, "मला पाडलंत ते चाललं?" मी त्यांची प्रत बरोबर आणली होती. ती शालीवर ठेवली आणि निघाले. पुढे कितीतरी वेळा ते रस्त्यात भेटले, "सुमन" म्हणून हाक मारली. मी रस्ता ओलांडून गेले. त्यांनी माझ्यावर जो जीव लावला तो सगळा खोटा होता असं मी म्हणत नाही. तसा असता तर विसरणं सोपं गेलं असतं.

गोपाळराव स्वतः आले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. निरोप पाठवून मोकळे झाले नाहीत. दुपारची वेळ, अप्पा कचेरीत. आत्याने पाणी दिलं, चहा ठेवला. ते बशीतल्या चहाकडे बघत म्हणाले, "मला ठाऊक आहे हे खोटं आहे. मी तुम्हाला बघितलंय, मला माणूस कळतं. पण आई ऐकत नाही. आणि माझ्या दोन मुली आहेत, उद्या त्यांची लग्नं..." आत्या म्हणाली, "खोटं आहे हे ठाऊक असून?" ते म्हणाले, "हो." मग तिने एवढंच विचारलं, "तुम्ही त्या दिवशी आलात कसे? आम्ही तर बोलावलं नव्हतं."

"तुमचे दादाच आले होते ना वाणगावला. कमलचा सत्कार आहे, आईंना घेऊन याच, म्हणाले. जागा पण त्यांनीच धरून ठेवली होती, पुढे, तुमच्या शेजारी."

गोपाळराव गेल्यावर आत्याने कपबशी विसळली आणि पाटावर बसून राहिली. अप्पा संध्याकाळी आले. सदरा काढून खुंटीला लावत होते तेव्हा तिने विचारलं, "दादा, सत्कार माझा आहे हे तुला आधी माहीत होतं?"

"लिमये म्हणाले होते."

"आणि कशाबद्दल, ते?"

अप्पा खुंटीकडे तोंड करूनच उभे राहिले. मी दारात होते, त्यांची पाठ मला दिसत होती. म्हणाले, "घर कोण बघणार होतं, कमळे? ही उद्या लग्न होऊन जाईल. मी एकटा..." आणि मग, अगदी बारीक आवाजात, "मला वाटलं, ते लोक नाही म्हणतील. मग तू राहशील."

आत्या रडेल असं मला वाटलं, निदान ओरडेल तरी. ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "विचारलं असतंस तर राहिले असते, दादा."

त्यानंतर तिने त्यांना कधी दादा म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही. अप्पा जाईपर्यंत, म्हणजे पंचवीस-एक वर्षं, ती त्याच घरात राहिली, दोन्ही वेळ त्यांना गरम वाढलं, आजारपणात पाय चेपले. स्वयंपाक झाला की हाक न मारता पातेल्यावर पळी वाजवायची. अप्पा यायचे, खाली मान घालून जेवायचे आणि उठून जायचे.